माळ्यावरचं खोकं

१८ सप्टेंबर २०१९, बुधवार

बंदी! ई-सिगारेटवर. टीव्हीच्या पट्टीवर वाचलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

आता हसावं की रडावं? ऑगस्टात कृष्णामाई पेठेत शिरली. आमच्या 'जवान नॉव्हेल्टी'चं शटर बुडालं. घड्याळं, बेल्ट, गॉगल, अत्तरं — सगळ्याचा चिखल. वाचलं एकच खोकं, माळ्यावर छताला टेकवून ठेवलेलं. नेमकं ई-सिगारेटचं! पेनासारख्या दिसतात, बॅटरीवर चालतात, आंब्याच्या नाहीतर स्ट्रॉबेरीच्या वासाची वाफ सोडतात. ते खोकं आता घरी, स्वयंपाकघराच्या माळ्यावर आहे. ते विकायचं, आलेल्या पैशांतून नवा माल भरायचा आणि दसऱ्याला दुकान परत उघडायचं, असं आमचं ठरलेलं. आणि आज सरकार म्हणतं, विकायचं नाही. पुराला जमलं नाही ते दिल्लीनं केलं.

लालासाहेब (नवरा. वहीत तरी नाव घेते, इथं कोण ऐकतंय) बातम्या संपेपर्यंत बघत बसले. अठरा वर्षं फौजेत काढलेला माणूस. मला वाटलं काहीतरी तडफेनं बोलतील. म्हणाले, "बघू." आणि करपलेली भाकरी मागून घेतली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. विकलं तर वर्षभर आत, नाहीतर लाखाचा दंड, नाहीतर दोन्ही. नुसतं साठवलं तरी सहा महिने. जाहिरात केली तरी गुन्हा. ज्याच्याकडं माल शिल्लक असेल त्यानं आपणहून यादी करायची आणि माल जवळच्या ठाण्यात नेऊन द्यायचा. भरपाईचं कुठं एक अक्षर नाही. का म्हणून द्यायचा? बिलानं घेतलेला माल आहे, चोरीचा नव्हे. यांच्या निवृत्तीचे पैसे आहेत त्यात.

संध्याकाळी हे आल्यावर विचारलं, "आवं, त्या खोक्याचं काय करायचं?"

"राहू दे की हाय तिथं."

झालं! असल्यांनी सीमा कशी राखली कुणास ठाऊक.

२० सप्टेंबर, शुक्रवार

जाहिरात गुन्हा म्हटल्यावर शटर आठवलं. त्यावर भला मोठा स्टिकर — "राख नाही, काडी नाही, बायकोची कटकट नाही!" शब्द माझे. तेव्हा लय कौतुक झालं होतं. आज उलथनं घेऊन तासभर खरवडत होते. पुरात एवढे दिवस पाण्याखाली होता, जागचा हलला नव्हता.

शेजारची अख्तरबी बांगडीवाली दारात बसून चिखलातल्या बांगड्या बादलीत धूत होती. काचेला पाण्याचं काय? धुतली की नवी. ती बराच वेळ माझी मजा बघत होती. शेवटी म्हणाली, "दीपा, कटकट तेवढी ऱ्हायली बघ." खरंच की! बाकी सगळं निघालं, तेवढा शब्द निघेना. शेवटी त्यावर रंग फासला. दोघी पोट धरून हसलो. पुरानंतर इतकं हसले नव्हते.

२२ सप्टेंबर, रविवार

हे दुकानात भिंती घासत होते तेव्हा घरी शमशेर आला. महाबळेश्वरचा टॅक्सीवाला, आमचं जुनं गिऱ्हाईक. मिरजेला दवाखान्यात पेशंट सोडायला आला होता. चहा घेता घेता आवाज बारीक करून म्हणाला, "वैनी, खोकं वाचलंय म्हणं. सगळं द्या. हॉटेलात उतरणारी पुण्या-मुंबईची माणसं आता दुप्पट द्यायला तयार हायत."

"यांना विचारते," म्हटलं.

विचारलं नाही. त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले आणि तिथंच सांगून टाकलं — पुढच्या रविवारी दुपारी ये, हे दुकानात असतात.

स्ट्रॉबेरीच्या गावाला स्ट्रॉबेरीची वाफ विकणार मी. काय पण धंदा!

२३ सप्टेंबर, सोमवार

मन खातंय. भाजीत मीठ दोनदा पडलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

शमशेरचा फोन. निवडणुकीची आचारसंहिता लागलीय, नाक्यानाक्यावर गाड्या उघडून बघतात. पण तो म्हणतो काळजी नको, डिकीत गाद्यांखाली घालतो. नोटा शोधायला आलेल्या साहेबांच्या नाकात आंब्याचा वास गेला तर काय होईल, या विचारानं एकटीच हसत बसले. मग पेपरातलं ते 'वर्षभर आत' आठवलं.

पण हेही ठाण्यात गेले नाहीतच ना? नियमावर बोट ठेवून चालणारा माणूस, लाल दिवा असला की मोकळ्या चौकातही थांबणारा. तो गेला नाही म्हणजे याच्याही मनात विकायचंच आहे. फौजीच्या तोंडानं म्हणवत नाही, एवढंच. मग कुणीतरी करायला नको? मी करते.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज हे शीळ घालत घरी आले. फळ्या रंधून झाल्या म्हणे, उद्यापासून रंग. मांडायला माल नाही आणि फळ्यांना रंग! "कसला एवढा आनंद झालाय?" म्हटलं, तर "दुकान उघडायचंय की," म्हणाले.

जेवताना एकदा माळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय बघताय?"

"जळमटं झाल्यात."

यांना कळलं की काय? पण नाही, पुढं नुसतं रंगाचंच बोलत बसले, निळा का पांढरा. राग आला. या माणसाला कसलीच काळजी नाही, सगळी मीच करायची. मग पाठमोरे उठले तर सदऱ्याला भुश्शाचा हा एवढा पट्टा. झटकून दिला.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज सर्वपित्री. अमावास्येला असला व्यवहार नकोच, उद्याचं ठरलं ते बरंच झालं. उद्या घट बसतात.

भीती वाटते, इथं खोटं कशाला लिहू. पण दसऱ्याला शटर उघडलं नाही तर हे पुन्हा ऑगस्टातल्यासारखे भिंतीकडं तोंड करून बसतील. आठ दिवस बोलले नव्हते. ते मला परत बघवणार नाही.

आणि पकडलं तर यांनाच नेतील. दुकान यांचं. म्हणून शमशेरला बजावून ठेवलंय, मेलास तरी यांचं नाव घ्यायचं नाही, सांगायचं बाईनं दिलं.

२९ सप्टेंबर, रविवार

शमशेरनं स्टुलावर चढून खोकं उतरवलं. उघडलं. आत यांच्या फौजेतल्या कांबळ्यात गुंडाळलेल्या चार विटा. वर ठाण्याच्या शिक्क्याचा कागद, तारीख १९ सप्टेंबर. "वासाची वाफ सोडणारी पेने, चालवून पाहिली, चालू आहेत, जमा करून घेतली."

शमशेर चहा पिऊन गेला. मी विटा पुढ्यात घेऊन बसले होते तेवढ्यात हे आले.

"सांगायचं तरी," म्हटलं. रडू फुटलं.

"कसं सांगू? पुरानंतर त्या खोक्याकडं बघितलंस की तेवढं तुझं तोंड खुलायचं."

"आणि लगेच दुसऱ्याच दिवशी पळायची काय घाई होती?"

त्यांनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मालकाचं नाव — सौ. दीपमाला लालासाहेब निकम. दुकानाचा परवाना त्यांनी माझ्या नावावर काढलेला. दोन वर्षांत माझ्या ध्यानातही नव्हतं.

"आत तुला नेलं असतं," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दसऱ्याला फळ्या रिकाम्या असल्या तरी चालतील. शटर मी उघडणार.