साठ फेऱ्यांचं व्याख्यान

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६
व्याख्यान ठरलं! बावीसला, मंडळाच्या हॉलमध्ये. विषय: तारे आणि त्यांना खेटून फिरणारे ग्रह. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं बडोद्याने माझ्यातल्या फिजिक्सच्या प्रोफेसराची दखल घेतली नव्हती. आता घेईल. सेक्रेटरी जयसिंगराव म्हणाले, साहेब, चाळीस मिनिटं बस झाली, पछी लगेच नास्तो आहे. मी दीड तासाची तयारी करतोय.
संकल्प: स्लाइड्स नाहीत. प्रात्यक्षिक! मी तारा, मध्यभागी खुर्चीत. निरुपमा ग्रह. तिला विचारायचं राहिलंय, पण नाही म्हणणार नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात म्हटलेलं नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
पहिली तालीम, दिवाणखान्यात. अशा ग्रहाचं वर्ष आपल्या दोन-तीन दिवसांचं, कधी एका दिवसाचंसुद्धा. चंद्राची जशी एकच बाजू आपल्याकडे, तशी या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. म्हणून निरुपमाने तोंड माझ्याकडे ठेवून आडवं चालायचं. माझं तोंड अर्थात प्रेक्षकांकडे. तिच्या खांद्यावर जुनी नायलॉनची साडी, हे वातावरण. टेबलफॅन लावला की उडून जातं, ताऱ्याच्या तापाने जातं तसं. साठ फेऱ्या, प्रत्येक थोडी आतली, थोडी जलद. साठाव्या फेरीला ग्रह ताऱ्यात पडून संपतो. टाळ्या.
पंचेचाळीस झाल्या. मग म्हणाली, अहो, जरा बसू का? स्टॅमिना नाही. वाढेल.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
अडतीस. धाप लागते म्हणे. रविवारचं उंधियू बाधलंय, दुसरं काय. ओवा दिला.

सोमवार, ९ फेब्रुवारी
भाची मैथिली फतेगंजहून तालीम बघायला आली. फिजिक्समध्ये पीएच.डी. करते, म्हणजे सगळं येतं असं तिला वाटतं. म्हणाली, मामा, तुम्ही अर्धंच सांगताय. ग्रहही ताऱ्याला ओढतो. काही ठिकाणी म्हातारा तारा तरुणासारखा गरगर फिरत असतो, तो त्या ग्रहाच्या जिवावर. तुमची खुर्चीही फिरायला हवी.
मी म्हटलं, गौण बाब आहे. खुर्ची फिरली तर मी लोकांना दिसणार कसा?
जाताना दारात हळूच म्हणाली, मामींचे पाय सुजलेत. मी सांगितलं, नवी चप्पल. निजामपुऱ्यातल्या दुकानदाराने घट्ट नंबर गळ्यात मारलाय.
एकतीस.

बुधवार, ११ फेब्रुवारी
निरुपमा तीन उशा लावून बसल्यासारखी झोपते. आडवं झालं की कोंडतं म्हणे. त्या तिनांत एक उशी माझी. मान धरली. डॉक्टरकडे जाऊ या म्हणते. तेवीसला नक्की नेईन. आत्ता गेलो तर ते टेस्ट काढणार आणि तालमी बुडणार. तिलाही पटलं असावं, पुन्हा बोलली नाही.
संकल्प: उद्यापासून रोज दोन तालमी.

शनिवार, १४ फेब्रुवारी
एकच तालीम. बावीस फेऱ्या. फॅन लावायच्या आधीच साडी खांद्यावरून घसरली. तिने उचलली नाही. मी तेव्हा वाक्य घोकत होतो: वातावरण एकदा गेलं की परत येत नाही. झकास वाक्य. इथे क्षणभर थांबायचं. वळून पाहिलं तर ती भिंतीला हात टेकून उभी. ओठ निळसर वाटले. ट्यूबलाइट खराब झालीय, बदलायला हवी.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
नऊ. नऊच! आवाज चढवला. ती नुसती बघत राहिली. तोंड माझ्याकडे ठेव हे मीच सांगितलंय, पण आजचं बघणं आवडलं नाही. फेऱ्या साठाच्या तीस केल्या. मी काही हट्टी माणूस नाही.
ट्यूबलाइट बदलली. ओठ तसेच.

गुरुवार, १९ फेब्रुवारी. संध्याकाळ
चौथ्या फेरीला मागे आवाज झाला. मी वाक्य पुरं करून मग वळलो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. हॉस्पिटल
हृदयाची झडप. डॉक्टरांनी विचारलं, काका, आ तकलीफ क्यारथी छे? मी म्हटलं, गईकालथी, कालपासून. शेजारी मैथिली उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, महिनाथी. निरुपमाने तिला सांगितलं होतं तर. डॉक्टरांनी तिचं लिहून घेतलं.
जयसिंगरावांना फोन केला. व्याख्यान आठवडाभर पुढे ढकलता येईल का म्हटलं. ते म्हणाले, अरे साहेब, व्याख्यान जवा दो, वहिनी केम छे? फोन कट झाला असं भासवलं.

रविवार, २२ फेब्रुवारी. संध्याकाळी साडेपाच
आत्ता हॉलमध्ये सुरुवात झाली असती. आयसीयूत दहा मिनिटं सोडतात. ऑपरेशन मंगळवारी. डॉक्टर म्हणाले, तोवर टिकल्या तर.
तोंडावर मास्क, डोळे मिटलेले, मान खिडकीकडे कललेली. तिचा चेहरा नीट दिसेना म्हणून त्या बाजूला गेलो. तिकडे मशीन आडवं. मग पायथ्याशी, मग पुन्हा अलीकडे, पुन्हा पलीकडे. किती वेळा ते मोजलं नाही. सिस्टर माझ्या फेऱ्यांना वैतागली. काका, आंटा न मारो, एक जग्याए बेसो.
बसलो. फार भीती वाटतेय.