‘जाऊ द्या’ म्हणणाऱ्याच्या हातचा पिंड नको

।। श्री ।।

मी त्र्यंबक विश्वनाथ गायधनी, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा व्यवसाय नाशिक येथे संस्कृतचे अध्यापन, राहणार आमली, सिल्वासा, केंद्रशासित प्रदेश दादरा व नगर हवेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही भिडेस अगर दडपणास बळी न पडता, पूर्ण शुद्धीवर, स्वहस्ते लिहून ठेवतो. माझी बुद्धी स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्यापूर्वी त्यांनी मला आज कोणता वार एवढेच विचारले. त्यावरून दाखल्याची योग्यता ज्याने त्याने ठरवावी. माझ्या मते बुद्धी शाबूत असल्याचा पुरावा एकच. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आपल्याला सांगता आले पाहिजे. मला ते अजून येते. माझ्या वारसांना ते यावे, किंवा न आल्यास त्याची झळ त्यांना पोहोचावी, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी स्थावर मिळकत म्हणजे आमली येथील राहते घर. ते मी निवृत्तीनंतर स्वकष्टार्जित पैशातून घेतले असून त्यावर कोणाचाही वडिलोपार्जित हक्क पोहोचत नाही. घराची बाहेरची खोली ही नुसती खोली नव्हे. माझी पत्नी कै. द्वारका हयात असल्यापासून तेथे दर रविवारी सकाळी बैठक भरत असे. कारखान्यांच्या वसाहतीत आलेले मुंबई-पुण्याचे इंजिनियर, शाळेतले शिक्षक, भजनी मंडळाचे लोक, असे सगळे येत. विषय कोणताही असो, नियम एकच होता. समोरच्याचे म्हणणे खोडायचे असेल तर आधी ते आपल्या तोंडाने मांडायचे, आणि त्याने “हेच” असे म्हटल्यावरच पुढे बोलायचे. त्याने “हे नव्हे” म्हटले तर पुन्हा मांडायचे. हा नियम माझा नाही. न्यायशास्त्रात समोरच्याचे म्हणणे परत सांगता न येणे याला अननुभाषण म्हणतात, आणि तेवढ्यावर मनुष्य वादात हरला असे धरतात. 

या नियमामुळे बैठकीची गर्दी लवकर ओसरली. लोकांना बोलायचे असते. ऐकलेले परत सांगायचे म्हटले की त्यांच्या पोटात दुखते. मी आयुष्यभर सोवळे पाळले. कोणाचे उष्टे खाल्ले नाही. परंतु या खोलीत सुशिक्षित माणसांना वर्तमानपत्राने चावून टाकलेली मते चवीने चघळताना पाहिले तेव्हा जी शिसारी आली, ती उष्ट्या ताटाने कधी आली नव्हती.

२. माझा एकुलता एक मुलगा चि. सुधाकर हा येथील सुताच्या कारखान्यात मॅनेजर आहे. तो व्यसनी नाही, उद्धट नाही, माझ्या औषधपाण्यात त्याने कधी कसूर केलेली नाही. हे सर्व मी नमूद करतो, म्हणजे पुढे लिहिले आहे ते रागाने लिहिले असे कोणी म्हणू नये. मला त्याचा राग येत नाही. मला त्याच्या एका शब्दाचा वीट आला आहे. तो शब्द म्हणजे “जाऊ द्या”. देव आहे का, विचारा. जाऊ द्या. संपावर बसलेल्या कामगारांचे म्हणणे काय, विचारा. जाऊ द्या ना आबा, आपल्याला काय करायचंय. हा शब्द तो शांतता म्हणून वापरतो. ती शांतता नव्हे. डबक्यालाही लाटा नसतात.

३. हा शब्द मला कोणत्या दिवशी असह्य झाला, ते लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढील कलमे त्यावर अवलंबून आहेत.

खडोलीच्या एका कारखान्यात काम करणारे श्री. अविनाश केळकर हे मूळचे पुण्याचे, यंत्रांच्या देखभालीचे इंजिनियर, आणि पूर्ण नास्तिक. बैठकीत नियम पाळून अखेरपर्यंत टिकले ते एवढेच. आमची स्वयंपाकीण मंजुळाबाई शिरपूरकडची. ती त्यांच्याविषयी म्हणत असे, “आबा, हाऊ माणूस बोलस उलटं, पन बसस सरळ.” हे वर्णन मी सुधारू शकत नाही.

द्वारका सवाष्ण गेली, म्हणून तिचे श्राद्ध अविधवा नवमीला. तीन वर्षांपूर्वीच्या नवमीस मी अविनाशला जेवायला बोलावले. पिंडदान झाले. तो एकटक पाहत होता, म्हणून मीच विचारले, “काय विचार चाललाय?”

“विचारताय म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “इथे ठेवलेला भात काकूंना पोचत असेल, तर गावाला गेलेल्या माणसाला डबा कशाला द्यायचा? घरीच पान वाढावं, तिकडे त्याचं पोट भरेल.”

हा आक्षेप दोन हजार वर्षांचा जुना आहे आणि तो आपल्यालाच पुण्यात सुचला असे अविनाशला वाटते, याची मला गंमत वाटली. मी उत्तर देण्यास तोंड उघडले. तेवढ्यात भजनी मंडळाचे अध्यक्ष श्री. रमाकांत पाटणकर पाटावरून उठले. “आधी याला बाहेर काढा, मग माझ्या घशाखाली घास उतरेल.”

सुधाकर म्हणाला, “अविनाश, आईचं पान वाढलंय समोर. आज तरी तोंड आवर.”

माझी सून सौ. सुवर्णा हातात वरणाचे पातेले घेऊन उभी होती. ती म्हणाली, “अहो, बोलू द्या की त्यांना. आबांना उत्तर द्यायचंय.”

“तू वाढ,” सुधाकर म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, “जाऊ द्या ना आबा. कुठे याच्या नादी लागता? मला अजून फॅक्टरीत जायचंय.”

शास्त्रात यालाही नाव आहे. वाद ऐन रंगात असताना कामाचे निमित्त सांगून तो मोडणे याला विक्षेप म्हणतात, तोही पराभवच. माझा मुलगा अशा रीतीने वाद सुरू होण्यापूर्वीच हरला. अविनाश उठला, चपला घातल्या आणि गेला. त्याचे वाढलेले पान तसेच राहिले. माझ्या द्वारकेच्या दिवशी, तिच्या नावाने बोलावलेला पाहुणा उपाशी गेला, आणि त्याला घालवणारे दोघे पोटभर जेवले. रमाकांतरावांनी खीर दोनदा मागून घेतली. त्या दिवशी मला अन्नाची आणि आस्तिकांची, दोहोंची एकदम किळस आली.

४. दुसऱ्या रविवारी मी रिक्षाने खडोलीस गेलो. अविनाश क्वार्टरमध्ये नुसत्या बनियनवर कपडे वाळत घालत होता.

“आबा, तुम्ही? निरोप पाठवायचात, मी आलो असतो.”

“तू आला असतास तर तुला पुन्हा हाकलले असते. पाणी दे, आणि मला तुझे म्हणणे मांडू दे.”

मी मांडले. तो म्हणाला, “हे नव्हे. पोचत नाही असं मी म्हणत नाही. पोचतं असं कशावरून म्हणता, ते विचारतोय.” मी पुन्हा मांडले. मग तो म्हणाला, “हेच.” 

माझे उत्तर असे होते. श्राद्ध ही टपालाची सोय नव्हे. ते ऋण आहे. धनको दृष्टीआड झाला म्हणून ऋणको मोकळा होत नाही. यावर त्याने विचारले की ऋणच फेडायचे तर एखाद्या भुकेल्याला जेवू घाला, भाताचे गोळे कशाला? मी म्हटले, भुकेल्याला जेवू घालणे हे तसेही कर्तव्य आहे. एका कर्तव्यात दुसरे वळते करून घेणे याला दुकानदारी म्हणतात. जिचे देणे आहे तिचे नाव घेऊनच ते दिले पाहिजे. हे त्याने मान्य केले. परंतु तो पुढे म्हणाला, “मग भात पोचतो याला काही पुरावा नाही, एवढं तुम्हीही मान्य करा.” मी म्हटले, ते मान्य नाही. डोळ्याला नाद दिसत नाही, म्हणून नाद नाही असे ठरत नाही. जेथे तर्क पोहोचत नाही तेथे श्रुतिवचन हेच प्रमाण. त्यावर तो म्हणाला, “जे कुणालाच तपासता येत नाही, त्याबद्दल मग कुणीही काहीही सांगावं. तुमचं वचन खरं आणि दुसऱ्याचं खोटं, हे ठरवायचं कसं?”

या आक्षेपाचे माझे समाधान होईल असे उत्तर मजजवळ आज तारखेपर्यंत नाही. माझी श्रद्धा त्यामुळे तसूभरही कमी झालेली नाही, आणि आक्षेपही तसूभर लहान झालेला नाही. दोन्ही घेऊन मी रोज संध्येला बसतो. हे ज्यांना विचित्र वाटते त्यांनी कधी संध्या केलेली नाही किंवा कधी विचार केलेला नाही.

५. श्री. रमाकांत पाटणकर यांस माझी पितळी घंटा द्यावी. ते माझ्या प्रत्येक वाक्याला “आबा म्हणतात तेच खरं” असे म्हणत आले आहेत. कोणते वाक्य, असे मी विचारले की त्यांना सांगता येत नसे. घंटाही अशीच, कोणीही हलवावी, तिने होकार द्यावा. विरोधकापेक्षा असा अनुयायी अधिक ओंगळ, हे मी त्यांना तोंडावर सांगितले होते. त्यावरही ते “खरं आहे” म्हणाले.

६. माझे ग्रंथ, टिपणांसह, सौ. सुवर्णा हिला द्यावेत. ते कपाटात ठेवून हळदकुंकू वाहिल्यास तिच्याकडून काढून घ्यावेत. पूजेची उपकरणी व सहाण सुधाकरला. बँकेतील शिल्लक मंजुळाबाई व सुवर्णा यांनी समान घ्यावी. टेलिव्हिजन सुधाकरचाच आहे. तो त्याने घेऊन जावा, आणि बाहेरच्या खोलीत कधीही ठेवू नये.

७. माझ्या मृत्यूनंतर शोकसभा घेऊ नये. “आबांचे विचार” या विषयावर तर कोणीही एक वाक्य बोलू नये. मी “हेच” किंवा “हे नव्हे” म्हणण्यास तेथे नसेन. नियम मोडून माझे कौतुक करणे म्हणजे माझ्या प्रेतावर थुंकणे आहे. माझे म्हणणे कोणास मांडायचे असेल त्याने मी जिवंत असताना मांडावे.

८. राहते घर. माझे वर्षश्राद्ध सुधाकरने करावे, तो त्याचा अधिकार व कर्तव्य आहे. परंतु पिंडास हात लावण्यापूर्वी त्याने, श्री. अविनाश केळकर यांच्या समक्ष, श्राद्धाविरुद्धचा त्यांचा आक्षेप आपल्या तोंडाने पूर्ण मांडावा. अविनाशने “हेच” म्हणेपर्यंत पिंडदान करू नये. भात गार झाला तरी चालेल. त्यानंतर आपण श्राद्ध का करतो हे सुधाकरने सांगावे. उत्तर बरोबर असलेच पाहिजे अशी अट नाही. ते त्याचे स्वतःचे असावे, उष्टे नसावे. असे केल्यास घर सुधाकर व सुवर्णा यांचे समाईक. त्याने “जाऊ द्या” म्हटले, अगर भटजींना “आटपून घ्या” असे सांगितले, तर घर एकट्या सुवर्णाचे, कारण “बोलू द्या” असे या घरात तिनेच म्हटले होते. तशा वेळी पिंडही देऊ नये. मी उपाशी राहीन. अशा हातचे खाण्यापेक्षा ते बरे.

सुवर्णाने हे कलम ऐकले आहे. ती म्हणाली, “आबा, ते शिकतील.” सुधाकरला मी स्वतः वाचून दाखवले. तो म्हणाला, “अविनाशचं म्हणणं नक्की काय होतं? मी त्या दिवशी ऐकलंच नव्हतं.” हे वाक्य मी येथे मुद्दाम नोंदवतो. तीन वर्षांत माझ्या मुलाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न आहे.

९. श्री. अविनाश केळकर यांस या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, म्हणून साक्षीदार होण्यास ते पात्र आहेत. आठव्या कलमाबद्दल ते म्हणाले, “म्हणजे मला कुणीतरी खोडून काढावं म्हणून मी श्राद्धाला येऊन उभा राहू?”

“उभा का? पाटावर बस. आणि या वेळी जेवून जायचे.”

जेवणाचे एक पान ही मिळकत होत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे.

या मृत्युपत्रावर मी ते वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष सही केली.

स्थळ : आमली, सिल्वासा
रविवार, दि. १० ऑक्टोबर १९९३ (पितृपक्ष)

(सही) त्र्यंबक विश्वनाथ गायधनी

साक्षीदार :

१. (सही) अरविंद छोटालाल देसाई, शेजारी, औषधांचे दुकानदार. “आबा, शास्त्र-बास्त्र मला समजत नाही, सही क्यां करवानी ते बोला, इथे का खाली?” असे म्हणून यांनी सही केली. त्यांनी न समजल्याचे तरी सांगितले.

२. (सही) अविनाश केळकर, खडोली. आबांनी माझ्यासमोर पूर्ण शुद्धीवर सही केली. साक्ष तेवढ्याचीच आहे. कलम चारमधला आबांचा विचार मला पूर्ण मान्य नाही. सातव्या कलमाप्रमाणे तो आत्ताच मांडतो. आबा असं म्हणतात की भात पोचताना आपण पाहिला असा दावा ते करत नाहीत. देणं त्यांचं आहे, आणि घेणारा दिसेनासा झाला म्हणून देणारा सुटत नाही. जिथे नजर पोचत नाही तिथे काही नाही, असं नजरेच्या जोरावर म्हणता येत नाही. यातलं देण्याचं मला पटतं, नजरेचं पटत नाही, आणि माझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नाही हे ते लपवत नाहीत.

हेच.
त्र्यं. वि. गा.