आठवी ढेप

मु. पो. श्रीगोंदा,
जिल्हा अहिल्यानगर

प्रिय मित्रवर्य पुंजाराम यास,

श्रीगोंद्याहून नृसिंहाचा मिरजगावपर्यंत ऐकू जावा असा नमस्कार. आम्ही दोघं बोटीवरून सुखरूप उतरलो. तुझा गुडघा कसा आहे? ज्योतीवहिनींची साखर खाली आली का? (गोळ्या नियमित घ्याव्यात असं त्यांना सांग, पण डॉक्टर आणि औषधाचं दुकान एकाच जिन्यावर असेल तर दोघांवरही नजर ठेवावी.) तुमच्याकडे उडदाची आवक चांगली आहे असं पेपरात वाचलं. खरं असेल तर आनंद आहे. खोटं असेल तर ते कोणाच्या सांगण्यावरून छापलं याचा तपास कर.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. माझा मोबाईल सूनबाईंनी, म्हणजे मनवाने, सुरू करून दिलेला आहे. जो फोन सुरू करून देतो त्याला पुढे त्यात काय काय दिसत राहतं, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. शिवाय हा मजकूर असा आहे की तो फक्त तुलाच सांगता येईल. का, ते पुढे कळेल.

तुझ्या अध्यक्षतेखालच्या समितीने माझ्या सत्तरीनिमित्त गूळतुला करायचं ठरवलं. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ. गूळ तुझ्या पदरचा, आणि तो जाणार दगडाबाईंच्या वसतिगृहातल्या पोरांना, ज्यांचे आईबाप ऊसतोडीला बाहेर पडले की ती पोरं मागे राहतात. कल्पना उत्तम. तिच्यावर मी तुझं जाहीर कौतुक केलंच आहे. आम्ही बोटीच्या सहलीला निघण्याआधी तुझ्या आडतीवर तुलेची रंगीत तालीम झाली, मी पारड्यात मांडी घालून बसलो आणि सात ढेपांना काटा मधोमध येऊन थांबला. इथवर सगळं सरळ होतं. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं की गुर्जी आता बोटीवर चाललेत, तिथं दिसभर खायाचंच काम असतंय, आठवी ढेप आनून ठिवा. लोक हसले. (कोण बोललं ते मला माहीत आहे. उपरण्यावरून ओळखलं.)

पुंजाराम, ज्या माणसाने चाळीस वर्षं या जिल्ह्यात मिताहारावर व्याख्यानं दिली, लग्नाच्या पंगतीत उभं राहून जिलबीच्या ताटासमोर संयमाचा अर्थ सांगितला, त्याने हे हसू कसं गिळायचं? मी पारड्यात बसल्याबसल्याच प्रतिज्ञा केली की परत आल्यावर आठवी ढेप फोडावी लागली, तर हा नृसिंह वर्षभर मौन पाळील, व्यासपीठावरही आणि घरातही. ('घरातही' हा शब्द केवळ वाक्याला वजन यावं म्हणून आला. वक्त्याचं असं होतं. वाक्य शेवटाकडे निघालं की ते स्वतःच्या सोयीचे शब्द उचलत जातं.) टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत आमच्या सौ., अंबिका, बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नुसती माझ्याकडे टक लावून बघत होती, नवीन घर बघायला गेलेली बाई खिडकीतून बाहेर बघते तशी.

त्या दिवसापासून मी एकच प्रश्न विचारतो आहे. माझं वजन वाढावं असं कोणाकोणाला वाटतं? दगडाबाईंना वाटतं, कारण मी जितका जड तितका त्यांच्या पोरांना गूळ. (बाई साध्वी आहेत, पण साध्वी माणसं पोरांसाठी काय करतील सांगता येत नाही.) समितीतल्या निम्म्या लोकांना वाटतं, कारण माझं मौन हा त्यांना स्वतःचा सत्कार वाटेल. बोटीच्या कंपनीला वाटतं, ते ओघाने आलंच. या अख्ख्या जगात मी हलका राहावा असं ज्याला मनापासून वाटतं असा माणूस एकच, आणि तो तू, कारण गूळ तुझा आहे. म्हणून हे पत्र तुला.

आता अंबिकेचं बघ. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने पुणतांब्याच्या माहेरापलीकडे कुठे न्या म्हणून हट्ट केला नाही. आमच्या मुलाने, अनीशने, बोटीची तिकिटं काढली तेव्हा पाणी बघायला गोदावरी आहे म्हणून तिने नाक मुरडलं होतं. आणि तालमीच्या दुसऱ्याच दिवशी ती बाजारात जाऊन माझ्यासाठी इलॅस्टिकच्या पँटी घेऊन आली. मी नाडीतला माणूस. नाडी प्रामाणिक असते. कालच्या गाठीपाशी आज नाडी पुरली नाही तर ती तोंडावर सांगते. इलॅस्टिक मात्र माणसाला शेवटपर्यंत हो हो म्हणत राहतं आणि एक दिवस अचानक तुटतं. राज्यं अशीच बुडाली आहेत. हे मी तिला तासभर समजावून सांगितलं. ती म्हणाली, बोटीवर गार वारं असतं, पायजमा फडफडेल.

मीही काही कमी तयारीने गेलो नाही. बोटीवरच्या अन्नाला शिवायचंच नाही असं ठरवून मी एका डब्यात बाजरीच्या भाकरी, दुसऱ्यात लसणाची चटणी, तिसऱ्यात मेतकूट आणि लाह्या अशी शिदोरी घेतली होती. मुंबईच्या बंदरावर सामानाच्या यंत्रातून माझी पिशवी गेली आणि तिथल्या बाईंनी तीनही डबे बाहेर काढून ठेवले. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई आहे म्हणे. मी विचारलं, भाकरीने बोट बुडते काय? मेतकुटाचा स्फोट होतो काय? मागे रांग खोळंबली. लोकांनी मला पुढे ढकललं. स्वतःचं अन्न काढून घ्यायचं आणि मग माणसाला अन्नाच्या डोंगरासमोर नेऊन सोडायचं, याला इतिहासात काय म्हणतात ते मी तुला सांगायला नको. अंबिका मात्र शांत होती. तिच्या पिशवीत लाडूचा एकही डबा नव्हता. जिने आजवर नगरच्या एसटीत बसतानासुद्धा डबा बरोबर घेतला, ती समुद्रावर रिकाम्या हाताने निघाली. तिला मनाई आधीच माहीत होती आणि मला सांगितली नाही, एवढाच याचा अर्थ होतो.

बोटीची रचनाच संशयास्पद आहे. कुठूनही कुठे जायचं असलं तरी वाट भोजनगृहातून जाते. समुद्र बघायचा तर डोशांच्या तव्यावरून. वाचनालय शोधत गेलो तर (आहे, दोन कपाटांचं, एकाला कुलूप) आईसक्रीमच्या दालनातून. मी लिफ्टवर बहिष्कार टाकला आणि जिने चढायचं व्रत घेतलं. जिना चढून वर पोचलो की दम लागलेला असे, आणि नेमकं तिथेच बसायला खुर्ची आणि खुर्चीसमोर काहीतरी तळलेलं असे. पहाटे वरच्या मजल्यावर फेऱ्या मारू लागलो, तर प्रत्येक फेरीला एका माणसासमोरून जावं लागे. त्याच्यापाशी गरम जिलब्या. दोनदा मी मान वळवली. पण येणाऱ्याजाणाऱ्या माणसाकडे रोज मान वळवून निघून जाणं हा उद्धटपणा झाला, आणि उद्धटपणावरही माझं एक व्याख्यान आहे.

ताटांचं सांगतो. ताटं एवढी मोठी की त्यात चार माणसांचं अन्न घातलं तरी कंजूषपणा दिसावा. मी एक फुलका आणि थोडी भाजी अशी मर्यादा आखून बसत असे, पण मध्येच वळून समुद्राकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं की त्यात श्रीखंड आढळे. एकदा सुरळीच्या वड्या आढळल्या. एकदा एक अख्खा पनीरचा तुकडा आढळला, ज्याचा माझा पूर्वी कसलाही परिचय नव्हता. आलेल्या अन्नाचा अपमान करू नये हे मी स्वतःच शेकडो सभांत सांगितलं आहे. माझीच वाक्यं माझ्याविरुद्ध वापरली जात होती.

त्यात तिथला रिकामी ताटं उचलणारा कल्याण. पोरगा आपल्या कर्जत तालुक्यातला निघाला. मला बघताच त्याने ट्रे खाली ठेवून पायाला हात लावला आणि म्हणाला, "गुर्जी, तुमी आमच्या शाळेत आल्ते. तुमचं भाषान मला आजून पाठ हाय, भूक ठिवून उठावं ते." मी गहिवरलो. मग तो म्हणाला, "पर हितं उठू नका लवकर, पैसे भरल्यात." इतक्या बोटी, इतके समुद्र, आणि माझ्याच टेबलावर कर्जतचाच माणूस? मी त्याला दगडाबाईंबद्दल आडून आडून विचारलं. तो म्हणाला, व्हय, वळखतो की, लहानपणी त्यांच्याच वसतिगृहात वाढलो. हा धागा कुठवर जातो ते तूच बघ.

वजन तपासायला व्यायामशाळेत एक यंत्र होतं. मी त्यावर उभा राहिलो तर बोट डावीकडे कलली आणि काटा वाढला, उजवीकडे कलली आणि उतरला. मी उजवीकडे कलण्याची वाट बघत उभा राहिलो. माझ्यामागे उभ्या असलेल्या एका सुरतच्या गृहस्थांनी विचारलं की तुम्ही उतरणार कधी. मी म्हणालो, समुद्राला विचारा.

शेवटून दुसऱ्या संध्याकाळी प्रवाशांच्या कलागुणांचा कार्यक्रम होता. लोक गात होते, नाचत होते. मला वाटलं, हा अन्यायाविरुद्ध उभं राहण्याचा क्षण आहे. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि अतिभोजनावर असा काही बोललो की मिरजगावच्या व्याख्यानमालेतही तसा बोललो नव्हतो. पोटाला माणसाने राज्यावर बसवलं आणि मग स्वतः त्याचा हमाल झाला, या वाक्याला तर मराठी न कळणाऱ्यांनीही टाळ्या दिल्या. (त्यांना ते विनोदी वाटलं असं अंबिका म्हणते. तिचं मत मी नोंदवून ठेवलं आहे.) सर्वांनी उभं राहून मला पहिलं बक्षीस दिलं. बक्षीस काय, तर तीन मजली केक. वर माझं नाव क्रीमने लिहिलेलं. तो सर्वांसमोर कापायचा, आणि पहिला घास बक्षीस मिळवणाऱ्यानेच खायचा अशी तिथली रीत. पहिला घास सुरतच्या गृहस्थांनी भरवला, दुसरा त्यांच्या पत्नीने, पुढचे कल्याणने. मितभाषी माणसाला अशा प्रसंगी नाही म्हणता आलं असतं. माझं तोंड आधीच उघडं होतं.

त्या रात्री आम्ही दोघं वरच्या कठड्यापाशी उभे होतो. वारं सुटलं होतं. अंबिका अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, "अहो, ते वर्ष तुलेच्या दिवसापासून धरायचं की दुसऱ्या दिवसापासून?"

पुंजाराम, माझ्या डोळ्यांसमोर सगळं एका क्षणात जुळलं. पँटी. रिकामी पिशवी. पहिल्या रांगेतली ती नजर. मला दगडाबाईंचा संशय होता, कंपनीचा होता, त्या बिचाऱ्या कल्याणचाही होता, आणि कट माझ्या शेजारी उभा राहून खारं वारं खात होता. मी विचारलं, तुला माझ्या बोलण्याचा एवढा त्रास होतो? ती म्हणाली, त्रास कसला, सवय आहे, पण एकदा घरात कुकरच्या शिट्ट्या मोजून बघायच्या आहेत.

असो. सांगायला आनंद वाटतो की या सर्व कारस्थानांना पुरून उरून मी जसा गेलो तसाच परत आलो आहे. सात ढेपा म्हणजे सात ढेपा. वाढलं असं कोणी म्हणत असेल तर ती अफवा समजावी. तुलेच्या दिवशी मी वेळेवर हजर राहीन आणि त्यानंतर 'संयमाचा विजय' या विषयावर बोलेन. वेळेचं बंधन नको.

ज्योतीवहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र,
नृसिंह

ता. क. वरच्या मजकुरात थोडी दुरुस्ती. आज सकाळी पिठाच्या गिरणीत सहज काट्यावर उभा राहिलो. गिरणीवाल्याने काटा झटकून पाहिला, मग मला झटकून पाहिलं. नंतर रेशन दुकानात गेलो, मग दवाखान्यात. तिन्ही ठिकाणी एकच आकडा निघाला, म्हणजे तिघांचं आधीच बोलणं झालेलं असणार. तरीही धोका पत्करण्यात अर्थ नाही.

आणखी ता. क. खरं काम असं की, तुझ्या आडतीत मागच्या बाजूला एक जुना तराजू आहे. त्यात शेतकऱ्याचं पोतं ज्या पारड्यात ठेवतात त्या पारड्यातला माल नेहमी थोडा हलका भरतो, असं मी गेल्या वर्षी तीन सभांत म्हणालो होतो. (नाव घेतलं नव्हतं. सगळे तुझ्याकडे का बघत होते मला कल्पना नाही.) तर तुलेला तोच तराजू काढावा, आणि मला शेतकऱ्याच्या पारड्यात बसवावं. तो तराजू पुढे मोडीत घालावा असं मी त्यानंतरच्या भाषणात आवर्जून सांगेन. हे पत्र वाचून फाडून टाक. पाकीट नीट चिकटवलं आहे, आणि अंबिका टपालाकडे चाललीच आहे म्हणून तिच्याच हाती देतो.

भावजी, नमस्कार. पाकीट वाफेवर उघडलं, माफ करा. मी कसलाच कट केला नाही. बोटीवर कोणी कोणाला वाढत नाही, ज्याचं त्याने उठून घ्यायचं असतं, आणि हे दर वेळी माझ्या आधी उठायचे. तराजू तोच काढा, माझी ना नाही. दगडाबाईंची पोरं यंदा वाढली आहेत, गूळ थोडा जास्तच लागेल. तेव्हा ह्यांना दुसऱ्या पारड्यात बसवा. — अंबिका