कुंपणाबाहेरची फुलं

टौरंगा, न्यूझीलंड
दि. ४ फेब्रुवारी २००७

चि. सौ. शकुस,
अक्काचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

आधी एकेकाची तब्येत कळव. रवींद्ररावांची साखर आटोक्यात आहे का, की अजून चोरून बासुंदी चालते? तुझा उजवा खांदा भाकरी थापताना कुरकुरतो का? शुभंकरचं पित्त कसं आहे? आणि देवयानीला सातवा लागला असेल, तिचे पाय सुजतात का तेही लिही. सूनबाई आहे म्हणून आडून आडून लिहू नकोस, स्पष्ट लिही.

इकडे हरीश हॉस्पिटलात औषधं देतो, सुनीता त्याच हॉस्पिटलात नर्स आहे. तिची पाळी सकाळची असली की ती सहाला निघते, मग हरीश, मग इरावतीची शाळा. आठनंतर घरात मी आणि फ्रिज. दोघांपैकी तोच काय तो बोलतो. रस्त्यावर मोटारी जातात. आत माणसं असावीत असा माझा अंदाज आहे. हे गेल्यावर हरीशने मला इकडे आणलं, त्याला या महिन्यात दोन वर्षं झाली. दोन वर्षांत मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, ज्याला इथे डेअरी म्हणतात, तिथपर्यंत पोचले आहे. दूध मिळतं म्हणून डेअरी म्हणावं, तर तिथे पतंगसुद्धा मिळतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागात चोऱ्या वाढल्यात. दर महिन्याला पत्रपेटीत एक कागद येतो. शेजारपाजारच्यांनी मिळून राखण करायची, अशी इथली मंडळी आहे, त्यांचा तो कागद. महिन्यात काय काय झालं, किती झालं, गेल्या वर्षी याच महिन्यात किती होतं, सगळं आकड्यांत. मी शब्दकोश घेऊन दोन दिवसांत वाचते. हरीशच्या पाचवीच्या पुस्तकावर गिरवलेलं इंग्रजी म्हातारपणी असं कामाला येतंय. जानेवारीत तीन घरं फुटली. तिन्ही भरदिवसा. हरीशने घाबरून भोंगा बसवला. दार उघडलं की चार आकडे दाबायचे, नाही दाबले तर सगळ्या गल्लीला कळतं. मी एकदा दाबले नाहीत. गल्लीला कळलं, पण कुणी बाहेर आलं नाही.

माझा म्हणून एक अर्धा तास आहे. उजाडताना सुनीता निघाली की मीही निघते, देवाला फुलं आणायला. थंडी बाधू नये म्हणून यांची राखाडी माकडटोपी, वरून हरीशचा जुना लांब कोट, हातात कापडी पिशवी. डावा गुडघा धरतो, म्हणून हळूहळू. कोपऱ्यावरच्या घराची जास्वंद काय सांगू, बशीएवढं फूल. आपल्या अप्पांचा नियम मी सोडलेला नाही. कुंपणाबाहेर आलेलं फूल रस्त्याचं, आतलं मालकाचं. आतल्याला मी फक्त वाकून बघते. त्याला कोण अडवणार?

हे फोनवर सांगता येत नाही. फोनवर हरीश शेजारी उभा असतो आणि मी सगळं छान आहे म्हणते.

घरच्या सगळ्यांना माझं विचारलं म्हणून सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का


मिरज
दि. १७ फेब्रुवारी २००७

ती. अक्कास,
शकुचा शि. सा. न. वि. वि.

साखर एकशे ऐंशी, बासुंदी बंद, चिडचिड चालू. खांदा तसाच आहे, पित्तही तसंच. देवयानीचे पाय संध्याकाळी सुजतात, तिने तुला नमस्कार सांगितलाय आणि डिंकाचे लाडू कितव्या महिन्यापासून ते विचारलंय. तुझ्याच हातचे हवे होते म्हणाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चोऱ्यांचं वाचून माझा जीव खालीवर झाला. तू उजाडताना एकटी कशाला हिंडतेस? आपल्या गल्लीत परका माणूस शिरला तर दहा पावलांत तीन बायका विचारतात, कोण हवंय, कुणाकडे आलात, त्यांचे कोण तुम्ही. चोर सोड, जावईसुद्धा घाम पुसत पोचतो. तिथे तुला कुणी हाक मारणारं नाही. निदान हातात काठी ठेव.

आणि अप्पांचा नियम मला नको सांगूस. वकिलांच्या आवारातला सोनचाफा कुंपणापासून चांगला चार हात आत होता. भिंतीवर तू चढलीस, परकर माझा फाटला आणि मारही मीच खाल्ला.

ते कागदावरचं मला कळवत जा. वाचून भीती वाटते, पण न वाचून जास्त वाटते.

आठवणीत ठेव, रागावलीस तरी ठेव.

तुझी धाकटी,
शकु


टौरंगा
दि. १४ मार्च २००७

चि. सौ. शकुस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

देवयानीला सांग, लाडू आठवा सरल्यावर. डिंक तुपात फुलेपर्यंत तळायचा, घाई केली तर दाताला चिकटतो. रवींद्ररावांना म्हणावं, चिडचिडीनेही साखर वाढते.

तुझं ऐकायला हवं होतं. फेब्रुवारीचा कागद आला. नोंदी नऊ. गेल्या वर्षी याच महिन्यात दोन होत्या. नवांपैकी पाच घरफोड्या, आणि उरलेल्या चार एकाच माणसाच्या. चार वेळा लोकांनी पोलिसांना कळवलं आहे. मी शब्दन्‌शब्द लावून अर्थ काढला तो असा. उजाडण्याच्या सुमारास एक संशयित व्यक्ती पायी फिरते. डोकं आणि कान झाकलेले, अंगात लांब गडद कोट, हातात पिशवी, चाल किंचित लंगडी. कुंपणांपाशी थांबते, आत वाकून पाहते, घरात कोण आहे याचा अंदाज घेत असावी. बाई की पुरुष ते कळत नाही. दिसल्यास जवळ जाऊ नये.

शकु, मी उठून आधी दाराची कडी तपासली. म्हणजे मी ज्या वेळेला जाते त्याच वेळेला हा मेला त्याच रस्त्यांवर! एखाद्या दिवशी समोरासमोर आलो असतो तर? हरीशला वाचून दाखवलं. त्याने माझं बाहेर जाणं त्याच क्षणी बंद केलं. तो कामाच्या घाईत होता, मीही वाद घातला नाही.

पण नुसतं बसून राहणं आपल्या रक्तात नाही. मी पुढच्या खिडकीत खुर्ची ठेवली, पडद्याला बोटभर फट ठेवली आणि उजाडल्यापासून पाळत ठेवते. वहीत तारीख घालून लिहिते. आज आठ दिवस झाले, आला नाही. एकदाही नाही. समोर कोपऱ्यावरच्या घरातही पडद्याला अशीच फट दिसते, म्हणजे तिथलं कुणी तरी पहाऱ्यावर आहे. बरं वाटलं. एकाला दोघं असलेली बरी. आमचा सुगावा लागला म्हणूनच तो फिरकत नसावा.

देवांना मात्र फुलं नाहीत. पाडवा तोंडावर आलाय. सुनीताने दुकानातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणली, बिचारीने आठवण ठेवून आणली, पण त्यांना वासच नव्हता. आठ दिवसांत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. इरावती म्हणाली की हे स्वीट ॲज आहे, आजी इज सेफ. त्याचा अर्थ मजेत असा काहीतरी आहे. मी मान हलवली.

तो सापडला की कळवीन. तोवर तुझ्या अक्काला मनातून काढू नकोस.

तुझी,
अक्का


मिरज
दि. २६ मार्च २००७

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सगळे बरे आहेत, त्याचं पुढच्या पत्रात. हे पत्र एकाच गोष्टीसाठी.

तुझं पत्र मी जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचलं. संशयित व्यक्तीपाशी आले आणि हे म्हणाले, थांब, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग मी तुझं फेब्रुवारीतलं पत्र डब्यातून काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. टोपी, कोट, पिशवी, गुडघा, वाकून बघणं.

अक्का, ती तूच आहेस.

हे हसून हसून खोकायला लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. देवयानी म्हणाली, मावशींनी आठ दिवस स्वतःची वाट पाहिली. मीही हसले. पण भांडी घासताना हसू राहिलं नाही. दोन वर्षं तू त्या रस्त्यांवरून रोज जातेस आणि एका घरालाही माहीत नाही की ही हरीशची आई. आपल्याकडे वेड्या माणसाचंसुद्धा नाव सगळ्यांना ठाऊक असतं.

मला भीती वाटते. कुणी अंगावर कुत्रं सोडलं तर? पोलिसांनी धरलं आणि तुला बोलता नाही आलं तर? हरीशला सांग. लपवू नकोस. आणि तिथे राहणं नको झालं असेल तर तसंही लिही. मधली खोली झाडून ठेवली आहे. पण शरमेने मात्र येऊ नकोस.

रागावली असलीस तर पत्रातच रागव, गप्प बसू नकोस. गप्प बसलेली अक्का मला झेपत नाही.

तुझी,
शकु


टौरंगा
दि. २९ एप्रिल २००७

चि. सौ. शकुस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

देवयानी बाळंत झाली असेल तर मला तार केल्यासारखं एका ओळीत कळव, बाकीचं मागून. तुझा खांदा जप, आता नातवंडाला त्याच खांद्यावर झोपायचंय.

तुझं पत्र आलं तेव्हा घरात कुणी नव्हतं. मी कोट आणि टोपी घातली आणि न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहिले. शकु, मीसुद्धा पोलिसांना बोलावलं असतं.

संध्याकाळी हरीशला सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, आई, हे कुणाला बोलू नकोस. हॉस्पिटलातले अर्धे लोक याच भागात राहतात. तू घरात राहा, ते आपोआप विसरतील. त्याचंही खरं आहे. परक्या देशात माणूस चार पावलं मागे राहूनच चालतो.

आणि तसंच झालं. मार्चचा कागद आला. नोंदी पाच, सगळ्या घरफोड्या. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ती संशयित व्यक्ती पुन्हा दिसलेली नाही, रहिवाशांच्या सावधपणाबद्दल आभार, आकडा जवळजवळ निम्म्यावर आला आहे. मी तो कागद मांडीवर घेऊन बसले. खरे चोर होते तितकेच होते. मी दाराआड गेले एवढ्याने गाव सुरक्षित झालं होतं. सहा आठवडे मी उंबरा ओलांडला नव्हता, आणि कुणाला माझी उणीव भासलीच तर ती अशी, चांगली बातमी म्हणून. असंच राहिले तर मी इथे मेले तरी त्या कागदावर आकडा कमीच होईल, असं वाटलं. तुझ्या मधल्या खोलीचा विचार त्या दुपारी मी खूप केला. पण तू लिहिलंस ना, शरमेने येऊ नकोस.

त्याच कागदावर सभेची तारीख होती, शाळेच्या हॉलमध्ये, सायंकाळी सहाला. हरीश-सुनीता कामावर होती. मी इरावतीला म्हटलं, चल, तू माझं बोलणं इंग्रजीत सांगायचंस. तिला लाज वाटत होती, बारा वर्षांच्या पोरीला वाटणारच. पण आली. मी कोट घालून गेले, टोपी पिशवीत.

पस्तीस-चाळीस माणसं असतील. कुलुपांवर बोलणं झालं, दिव्यांवर झालं. मग कुणाला काही विचारायचंय का म्हणाले, तशी मी उठले. टोपी काढली, घातली, कानांवर ओढली आणि पाठ करून नेलेलं एकच इंग्रजी वाक्य म्हटलं की ती व्यक्ती मी. मग मराठीत सांगितलं की देवाला फुलं नेते, कुंपणाबाहेरचीच, आणि आत बघते ते बाग आवडते म्हणून. इरावती एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. दोघं-तिघं हसले, एकाने किआ ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणून मान लववली, बरेच जण बुटांकडे बघत राहिले. चूक तर माझीही होती. दोन वर्षांत मी तरी कुणाची घंटा वाजवली होती?

मागून एक बाई उभी राहिली. माझ्याच वयाची, मार्गरेट नाव. कोपऱ्यावरच्या जास्वंदीची मालकीण. चारांपैकी दोन तक्रारी तिच्याच. ती हसली नाही. ती बोलली ते इरावतीने मला सांगितलं, आणि शकु, पोरीने आयुष्यात पहिल्यांदा मला सबंध वाक्य मराठीत सांगितलं. "आजी, ती म्हणते, मी एकटी राहते, आणि मी तुला घाबरून पडदे उघडत नव्हते."

पडद्याची ती फट तिचीच होती. ती तिकडून माझ्यावर पाळत ठेवत होती आणि मी इकडून माझ्यावरच.  मी हात जोडले. ती बसली.

हरीश दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एक भडक नारिंगी बंडी घेऊन आला, रस्ता दुरुस्त करणारे घालतात तसली. म्हणाला, जायचंच असेल तर ही घालून जा. एवढंच. ती घालून मी देवाच्या फुलांना निघाले की मोटारी आपोआप थांबतात. सुनीता तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावून हसते.

आता मी उजाडताना जात नाही, नऊला जाते आणि मार्गरेटची घंटा वाजवते. पहिल्या दिवशी तिने साखळी लावूनच दार उघडलं. मी कुंपणावरच्या जास्वंदीकडे बोट दाखवलं, फूल म्हणाले. ती आत गेली, मागच्या दाराने बागेत जाऊन कात्रीने चार जास्वंदी कापून आणल्या आणि साखळीच्या वरच्या फटीतून एकेक करून दिल्या. फटीतून बशीएवढं फूल निघत नाही, पाकळ्या दुमडाव्या लागतात. रोज तसंच चाललंय. घरफोड्या थांबलेल्या नाहीत, तिला तरी साखळी काढ असं कसं म्हणू?

काल तिने फुलं हातात धरून ठेवली आणि माझं नाव विचारलं. दोन वर्षांत या गावात मला कुणी विचारलेलं नव्हतं. आशालता म्हटलं. तिला जमेना. तीनदा म्हणायला लावलं, पुटपुटली, मग फुलं दिली. दार लावून घेतल्यावरही आतून घोकत होती. मी नारिंगी बंडीत पायरीवर उभी राहून ऐकत होते. शेवटचं बरोबर आलं.

साखळी अजून असते. मधल्या खोलीत तूर्त बाळ-बाळंतिणीला झोपव.

माझी आठवण घरात मोठ्याने काढत जा, म्हणजे मला उचकी लागेल आणि बोलायला निमित्त होईल. पत्र मात्र लगेच लिही, बाळाचं वजनसुद्धा लिही. मार्गरेटला सांगायला माझ्याकडे काही तरी हवं.

तुझी,
अक्का