छातीवरची मूठ

झूटरमेर,
२१ एप्रिल २०२५

प्रिय मृदुलाताई,

नमस्कार. जिजू बरे आहेत ना? अथर्वला दात आले का? आईचा गुडघा आहे तसाच आहे. इथले डॉक्टर पॅरासिटामॉल घ्या म्हणतात आणि ती घरी येऊन त्यांना मराठीत शिव्या देते. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं ते सोडलं, सुपरमार्केटच्या गोदामात खोकी उचलतो, त्यात लाजायचं काय? फोनवर मी नुसतं "हं, हं" करतो म्हणून तू हातानं लिहिलेलं पत्र मागितलंस. घे मग.

आपल्या घरामागच्या ओळीत राहणाऱ्या जयप्रकाशकाकांचा सिद्धार्थदादा आठवतो? हेल्मेट घालून लांबट चेंडूचा फुटबॉल खेळायचा तो. आमच्या क्लबचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डाव त्याच्याच हातून सुटणार. तो फेकणार आणि मी जीव खाऊन पळत जाऊन झेलणार. पुढे तो जर्मनीत खेळला, पेपरात फोटो आले, पोरी सह्या मागायच्या. मग डोक्याला मार बसत गेले आणि डॉक्टरांनी खेळ बंद केला. आता तो एका चॅनेलवर सामन्यांचं समालोचन करतो. सूट घालतो. आवाज असा लावतो, की ज्यांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही ते आपले बाबासुद्धा टीव्हीसमोर बसतात.

आणि त्याच्या शेजारी ऋता बसते.

डेल्फ्टच्या विद्यापीठात संशोधन करते, सुट्टीच्या दिवशी चॅनेलसाठी आकडेवारी सांभाळते, तीच ऋता. गेल्या गणपतीत मोदकाच्या ताटावरून माझ्याकडे बघून हसली होती. तेवढ्यावर मी अजून जगतोय.

ताई, त्या दोघांचं काहीतरी आहे. सामना असला की ती माझा फोन घेत नाही. विचारलं, "तिथे करतेस काय तू?" तर म्हणे, "आकडे."

"नुसते आकडे?"

"यतीन, पोलिसात लागलायस का?"

हसून म्हणाली, पण डोळे हसले नाहीत. काल मी मैदानावर होतो. समालोचकांच्या खोलीची काच खालून दिसते. दादानं बोलता बोलता उजवी मूठ छातीवर दोनदा टेकवली आणि तिच्याकडे पाहिलं. ती लगेच त्याच्याकडे वाकली. इतकी, की केस त्याच्या बाहीला लागले. पुन्हा मूठ, पुन्हा ती वाकली.

ती खूण माझी आहे, ताई! डाव फसला की तो मलाच करायचा: मी अडकलोय, ठरलेलं सोड, माझ्याकडे धाव. मैदानात ती दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. आमच्या दोघांतली खूण त्यानं तिला का शिकवली? आणि ती तरी कशी धावते!

मी काही करणार नाहीये. अगदी शांत आहे. आईला सांगू नकोस.

तुझा
यतीन

*

झूटरमेर,
१४ मे २०२५

प्रिय ताई,

अथर्वचा दाताचा फोटो पाहिला, उंदीरच दिसतोय. इथले ट्युलिप संपले. माझी सायकल पुन्हा चोरीला गेली. आई मजेत.

पत्र वाचून तू फोन केलास, "तिला सरळ विचार" म्हणालीस. विचारलं. कसं विचारलं ते मात्र तू विचारू नयेस म्हणून इतके दिवस फोन टाळला.

शनिवारी द हेगला सामना होता. मध्यंतर संपत आलं तेव्हा मी त्या खोलीत घुसलो. दादानं हात पुढे केला, "अरे, यतीन! ये की!" मी हात घेतला नाही. ऋताला म्हटलं, "बाहेर चल."

"आत्ता? सुरू होतंय आता."

"नाहीतर इथेच बोलतो." आवाज चढलेलाच होता. तो माइकवर जाईल म्हणून ती उठली. जिन्यात येताच मी ओरडलो, "काय चाललंय तुमचं? ती मूठ कसली?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "तुला ती कळते?"

मला वाटलं, सापडली.

"मला आत जाऊ दे," ती म्हणाली. मी दार अडवलं. होय, अडवलं. तिच्या गळ्यातल्या हेडफोनमधून दादाचा आवाज येत होता. कुणीतरी लांबचा चेंडू झेलून पळत होतं, आणि दादा मध्येच थांबला. समालोचक असा थांबत नाही, ताई. मग एकदम ओरडला, "झेलला! यतीननं झेलला! यतीन पळतोय!"

मैदानावर यतीन नावाचं कुणी नव्हतं.

"त्याला नावं आठवत नाहीत," ऋता म्हणाली. "डोक्याला मार बसल्यापासून. कोण कुठे पळणार ते सगळं दिसतं, नाव येत नाही. मूठ टेकवली की मी यादीतलं नाव बोटानं दाखवते. चॅनेलला कळलं तर काढतील. आता सरक."

सरकलो.

चॅनेलच्या निर्मात्या बाईंनी नंतर दादाला सगळ्यांसमोर विचारलं, "प्यायलायस का?" तो हसला. "जुना दोस्त आला होता, गंमत केली." बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. महिनाभर आरशात तोच बघत होतो. माझी आरडाओरड त्यांनीही ऐकली होती. दोघांचं काहीतरी चाललंय असं त्यांनाही वाटलं, आणि ऋताला खाली कॅमेऱ्यांकडे टाकलं. रविवारी दादा पुन्हा चुकला तर संपलं.

मी काल त्याच्या घरी गेलो. माफीचे शब्द जुळवून गेलो होतो. त्यानं आधी चहाच टाकला.

"आकडे जमतात तुला?"

"दादा, कॉलेज सोडलंय मी."

"नावं वाचता येतात ना?"

तर रविवारी ऋताच्या खुर्चीवर मी बसणार. बाईंना सांगितलंय, पोरगा फुकट काम शिकायला आलाय. गोदामात खोकी उचलताना दोन्ही संघ पाठ करतोय. हे पत्र जिजूंनाही दाखवू नकोस.

ऋता फोन घेत नाही. ट्रामच्या थांब्यावर भेटली तेव्हा माफी मागितली. आणि मग, गप्प बसवेना म्हणून, विचारलंच, "तुला तो आवडतो का?"

"अजून हेच विचारतोयस?" एवढं म्हणून ती चढली. नाही म्हणाली नाही, ताई. मी ट्राम वळेपर्यंत ते 'नाही' शोधत उभा होतो.

रविवारी त्यानं मूठ टेकवली की मी ठरलेलं सगळं सोडून धावणार आहे. ती खाली कॅमेऱ्याशी कुणासाठी उभी असेल, ते त्या वेळी बघणार नाही. निदान तसं ठरवलंय.

कुणी न दाखवता दादाच्या तोंडी आलेलं एकच नाव ज्याचं, तो तुझा
यतीन