मिठाचा कोपरा

अप्पा, कोपऱ्यातलं मीठ आता विहिरीपर्यंत आलंय. तुम्ही होता तेव्हा करंजाखाली एवढासा पांढरा पट्टा होता आणि तुम्ही तो टाचेनं उडवून म्हणायचा, "कायबी हुत न्हाय, शेणखत घाटलं की जातंय." गेलं नाही. दर वर्षी ते थोडं सरकतं आणि ऊस मागं हटतो. मी शाळेत विज्ञान शिकवते. पाणी फार पाजलं की जमिनीतला क्षार वर येतो, हे मला पाठ आहे. तरी परवा त्या जमिनीवर चप्पल कुरकुरली तेव्हा मी ती काढून हातात घेतली.

त्या कोपऱ्यात आपलं सगळं घराणं आहे. लहानपणी एका मैत्रिणीला दाखवत मी म्हणाले होते, "इथं आमच्या अज्जांना पुरलंय." तुम्ही मागून येऊन खेकसलात, "पुरायला काय कुत्रं हाय? आपल्या लिंगायतात बसवत्यात. अज्जा बसल्यात तितं." आणि खरंच करंजाखाली मांडी घालून बसून दाखवलंत. असा हात, हातात लिंग, भोवती गळ्यापर्यंत मीठ, विभूती, बेलाची पानं. मैत्रीण घाबरून पळाली. तुम्ही हसत होता. मी मात्र त्या दिवसापासून कोपऱ्यात हळू बोलायला लागले. झोपलेल्या माणसाचं एक असतं, बसलेला माणूस ऐकतो. प्रत्येक जागेवर एक सपाट दगड होता आणि अमावास्येला अव्वाबरोबर जाऊन त्यांवर फुलं ठेवायचं काम माझं. कुणाचा दगड कुठं होता, ते मी अजून डोळे मिटून सांगेन.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुम्ही ट्रॅक्टर घेतलात आणि तो वळवायला तुम्हाला जागा कमी पडायला लागली. एका सकाळी सगळे दगड उचलून गोठ्यात फरशी म्हणून घातलेत, एक धुण्याला ठेवलात. अव्वा अंगणात येऊन उभी राहिली. "अवो, बसलेल्या माणसांच्या डोस्क्यावरनं नांगर घालताय व्हय?" तुम्ही म्हणालात, "डोस्की खोल हाइत. फाळ पोचत न्हाय." अव्वानं त्या दगडावर एकदाही धुणं आपटलं नाही. नळाजवळ सिमेंटवर धुवायची, कमरेत वाकून. तुम्हाला ते दिसत होतं, पण तुमच्या हट्टापुढं कुणाची मात्रा चालली होती कधी? पेरावं तसं उगवतं म्हणतात. तुम्ही ऊस पेरलात असं तुम्हाला वाटलं.

तुम्ही गेलात तेव्हा ऊस डोक्याच्या वर होता. आम्ही बायका बांधावर थांबलो होतो. आतलं काही दिसत नव्हतं, फक्त कुदळ ऐकू येत होती. ती मध्येच थांबली आणि कुणीतरी ओरडलं, "थांबा, थांबा! हितं कोणतर बसलंय!" माणसं सरकली, कुदळ पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा थांबली. अव्वा पुटपुटली, "जागा देईनात." मला माहीत होतं ना रिकामी जागा कुठं आहे! मी उसात शिरायला निघाले तर अव्वानं माझा दंड धरला. बायकांनी आत जायचं नसतं म्हणाली. तिसऱ्यांदा कुदळ थांबली नाही. दगड कुणी ठेवला नाही, कारण "माझ्यावर दगड ठिवू नगा, पोराचा ट्रॅक्टर अडंल," हे तुमचेच शब्द.

आता तुमचा पोरगा मीठ धुऊन काढायला जमिनीखालून पाईप घालतोय. नाही घातले तर शेत गेलंच. चर नेमका त्या कोपऱ्यातून जातो. त्यानं मला फोन करून बोलावलं. "अक्का, तुला जागा म्हाईत हाइत. खुणा कर, तेवढं चुकवून चर मारतो." मी विचारलं, अप्पांची? तू तर आत होतास. तो म्हणाला, "डोळ्याला पाणी, वर ऊस. हितंच कुठंतर."

चुन्याची फक्की घेऊन मी ओळी मारायला लागले, तर पांढऱ्या मिठात ती दिसेचना. शेवटी अव्वानं कुंकवाचा करंडा दिला. अज्जा, पणजोबा, धाकटे काका, सगळ्यांची जागा सापडली, हात आपोआप तिथं गेला. तुमच्यापाशी आले आणि हात थांबला. तुम्हाला लिहिलेलं एक पत्र तुमच्या जागेवर मातीत ठेवून यायचं म्हणून बरोबर नेलं होतं. खुरप्यानं एका ठिकाणी उकरलं, तर मिठाखाली मीठच होतं. ते पत्र पिशवीत तसंच परत राजारामपुरीला माझ्या घरी आलंय आणि आता त्याच्याच मागच्या पानावर हे लिहितेय.

तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. भाऊ बघत होता म्हणून मी एका ठिकाणी कुंकू टाकलं. अव्वा काठी टेकत आली. "हितंच की?" म्हणाली. मी व्हय म्हणाले. ती त्या कुंकवाशेजारी मिठात हळूच मांडी घालून बसली, हातानं जमीन चाचपली आणि म्हणाली, "मग माजीबी हितंच. ह्येंच्या शेजारी."

जेसीबी उद्या सकाळी येतोय, अप्पा. मी अंदाजानं टाकलं होतं.