हातभर जास्तीची छत्री

प्रिय मामाजी,

आज तुमच्या हिरव्या कॅनव्हासला कात्री लावली. घरच्या कामासाठी म्हणून तुम्ही वेगळा ठेवलेला तो शेवटचा तुकडा. तुम्ही असता तर मशीनवरून उठून चहाला निघून गेला असता आणि दोन दिवस सुनेशी बोलला नसता. आता तुम्ही नाही, म्हणून लिहून कळवतेय.

तुमच्या विलासने होडी घेतली. शिलाईत त्याचं मन नव्हतं, हे तुम्ही ओळखलंच होतं. नाहीतर मला मशीनवर कशाला बसवलं असतंत? तो आता धरणापलीकडची भाजी आणि भाजीवाल्या अलीकडे आणतो, कारण रस्त्याने गुडीहत्नूरच्या बाजाराला यायचं तर फार वळसा पडतो. होडी सोळा फुटी, मोटार जुनी, आणि ती बंद पडते ती नेमकी मधोमध. लोखंडी नांगर टाकावा तर तो तळाशी बुडालेल्या सागाच्या खोडांत अडकतो. मग वारा होडीला आडवं करतो आणि लाटा आत यायला लागतात.

होडी विकणारा म्हणाला, कापडाची छत्री शिवून घ्या. नाव सी-अँकर. समुद्र आपल्यापासून कुठच्या कुठे, पण नाव तेच. नरसाळ्यासारखा आकार, मागे लहान भोक. होडीच्या पुढच्या टोकाला दोराने बांधून पाण्यात सोडायची. ती पाण्याने फुगते आणि होडीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवते. "तोंड दो फूट रखना," त्याने दोनदा सांगितलं.

मी ऐकलं, आणि तुमचा तो हिरवा कॅनव्हास काढला. पण कापायच्या टेबलावर तुम्ही ठोकलेले ते दोन पितळी खिळे आहेत ना, तुमच्या हाताच्या मापाच्या अंतरावर? ट्रकवाल्याने सांगितलं त्याहून ताडपत्री हातभर जास्त कापायची, हा आपल्या दुकानाचा रिवाज. "डायवर सांगते कमी अन् कापूस भरते जास्त. कापड बी आटते," असं तुम्ही म्हणायचा. इतकी वर्षं तेच करत आले. अनोळखी ड्रायव्हरला हातभर जास्त द्यायचं, आणि नवरा पाण्यावर जाणार तर त्याला कमी?

दिलं हातभर जास्त.

मागच्या आठवड्यात मोटार बंद पडली आणि वारा सुटला. होडीत दोन भाजीवाल्या होत्या. विलासने छत्री सोडली. तिने होडीला असं घट्ट धरलं, की पुढचं टोक लाटेवर उचलेना. पाणी वरून आत आलं. मग दोर बांधायची कडीच उपटून निघाली आणि होडी आडवी झाली. बायांनी वांग्याच्या टोपल्या पाण्यात फेकल्या आणि डब्याने पाणी उपसत बसल्या. वाऱ्याने तिघांनाही काठच्या चिखलात नेऊन टाकलं, म्हणून वाचले. छत्रीला रिकामा कॅन बांधलेला होता, ती दुसऱ्या दिवशी तरंगताना सापडली.

विलासने ती माझ्यासमोर ठेवली.

"काऊन एवढी मोठी शिवली?"

"मामाजीच्या रिवाजानं."

तो खिळ्यांकडे बघत राहिला. "बाबाले ट्रक समजत होता. पानी कुठी समजत होतं?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. मला राग आला, तो तुमचा आला. रिवाज शिकवलात, पण तो कुठे थांबवायचा ते का नाही सांगितलंत? तुम्ही तरी कुठून सांगणार म्हणा, धरणाच्या काठावर बसूनसुद्धा कधी पाय भिजवले नाहीत.

मी जमिनीवर खडूने दोन गोल काढले, एक दोन फुटी आणि दुसरा त्याहून हातभर मोठा. हिशेब केला, तर मोठा गोल लहान गोलाच्या जवळजवळ तिप्पट जागा व्यापत होता. म्हणजे मी एकाच्या ठिकाणी तीन छत्र्या बांधून त्याला पाठवलं होतं. ते बघितल्यावर कात्री घेतली आणि छत्री दोन फुटांवर आणली.

आज संध्याकाळी विलासने नवी कडी बसवून रिकामी होडी पाण्यात नेली आणि मोटार मुद्दाम बंद केली. मी काठावर होते. छत्री फुगली, दोर ताणला गेला, होडीने हळूच वाऱ्याकडे तोंड केलं. पुढचं टोक लाटेबरोबर वर जात होतं आणि खाली येत होतं. ती जागेवर थांबली नव्हती, सावकाश मागे सरकत होती. एवढं सरकू द्यायचं असतं, हे मला आज कळलं. विलासने हात वर केला. मी बसून रडले, थोडंच.

पितळी खिळे काढणार नाही, मामाजी. ट्रकवाल्यांना हातभर जास्त मिळत राहील. तुमच्या मुलाला मात्र मी मापाचंच देईन, कितीही जास्त द्यावंसं वाटलं तरी.

तुमची सून,
वंदना